परवानगी द्यावी की बंदी घालावी

शिकागो, रविवार रात्र

ती. आजोबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "तिकडच्या माणसाच्या रक्तातच हक्क असतात, आपल्याकडे ते शिकवावे लागतात." मी तेव्हा काही बोलले नाही. एक तर आजी मागून फोन ओढत होती आणि मी नीट जेवते की नाही ते विचारत होती. दुसरं म्हणजे तुम्हाला तोंडावर उलट उत्तर द्यायची हिंमत माझ्यात अजून आलेली नाही. पण वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. लाल पेन जवळ घेऊन बसा.

आधी रक्ताचं बघू. २०१७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राने लोकांना विचारलं की अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीतला एक तरी हक्क सांगा. धर्म, भाषण, वृत्तपत्र, शांततेने एकत्र जमणं आणि सरकारकडे दाद मागणं, असे पाच आहेत त्यात. ३७ टक्के लोकांना एकही सांगता आला नाही. तुमच्या आठवीच्या वर्गात एवढी पोरं गप्प बसली असती तर तुम्ही अख्ख्या वर्गाला मधल्या सुट्टीत बसवून ठेवलं असतंत.

मी इथे काय काम करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आजी सगळ्यांना सांगते की नात "कॉम्प्युटरमध्ये" आहे. मी खरं तर लोकांची जुनी उत्तरं वाचते. आमच्या विद्यापीठात नॉर्क नावाची संस्था आहे. ती १९४१ पासून लोकांची मतं गोळा करते आहे आणि १९७२ पासून तिचं एक मोठं सर्वेक्षण चालू आहे. त्यातले काही प्रश्न पन्नास वर्षं जवळजवळ शब्दाला शब्द तेच आहेत. एखादा माणूस सगळ्या धर्मांच्या आणि चर्चच्या विरोधात आहे. त्याला तुमच्या गावात भाषण करायचंय. करू द्यावं का? त्याला कॉलेजात शिकवू द्यावं का? त्याचं पुस्तक गावच्या वाचनालयातून काढून टाकायची मागणी झाली तर तुम्ही काय म्हणाल? एवढं झालं की माणूस बदलतो आणि प्रश्न तेच राहतात. नास्तिकाच्या जागी कम्युनिस्ट येतो, मग काळे लोक जन्मतःच कमी प्रतीचे असं मानणारा येतो, मग समलिंगी माणूस, आणि २००८ पासून अमेरिकेचा द्वेष शिकवणारा मुस्लिम धर्मगुरू.

प्रश्नांची ही तऱ्हा सॅम्युएल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाची. १९५४ मध्ये, जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीचा धुमाकूळ चालू असताना, त्याने सहा हजारांवर लोकांच्या मुलाखती घेतल्या. नास्तिकाला बोलू द्यावं म्हणणारे निघाले ३७ टक्के, कम्युनिस्टाला २७. मला मात्र त्यातला दुसराच आकडा आवडतो. तुम्हाला कसली काळजी वाटते, असं मोघम विचारल्यावर कम्युनिस्टांचं नाव घेणारे शंभरात एकसुद्धा नव्हते. लोकांना काळजी होती ती पैशांची, दुखण्याखुपण्याची, पोरांचं कसं होणार याची. म्हणजे रात्रीची झोप कम्युनिस्टांपायी उडालेली नव्हती, तरी त्यांचं तोंड बंद करायला बहुतेक जण तयार होते.

१९७२ पर्यंत नास्तिकाला बोलू देणारे साधारण दोन तृतीयांश झाले आणि अलीकडे पाचांतले चार. समलिंगी माणसाच्या बाबतीत तर वाढ याहूनही जास्त आहे. हे बघून तुम्ही म्हणाल, बघ, सुधारले की! थांबा. वर्णद्वेष्ट्या माणसाचा आकडा वाढला नाही, उलट जरा खालीच आला. मुस्लिम धर्मगुरूला बोलू द्या म्हणणारे निम्मेही नाहीत. नास्तिकाची आता कुणाला भीती वाटत नाही, त्यामुळे त्याला हक्क देणं स्वस्त झालंय. मनाचा मोठेपणा किती वाढला, ते या आकड्यावरून मला काही सांगता येत नाही.

आता माझ्या घरमालकीणबाईंबद्दल. सत्तरी ओलांडलेली जपानी वंशाची बाई, जन्म इथलाच, शिकागोचा. त्यांच्या स्वयंपाकघरात एक पत्र चौकटीत लावलेलं आहे. १९९० सालचं, अध्यक्ष थोरले बुश यांच्या सहीचं, सरकारच्या वतीने माफी मागणारं. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई जुंपल्यावर, बाईंची आई एकोणीस वर्षांची असताना, तिला कॅलिफोर्नियातून उचलून आर्कान्सामधल्या रोहवर इथल्या तारेच्या कुंपणात नेऊन ठेवलं होतं. अशा सुमारे एक लाख वीस हजार लोकांना तेव्हा छावण्यांत डांबलं आणि त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. सुटल्यावर त्यांतले वीसेक हजार शिकागोला आले. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर मिळाले. बाईंच्या आईने त्या पैशांत घराचं छप्पर नवं केलं. त्याच छपराखाली मी झोपते.

मार्च १९४२ मध्ये, म्हणजे नॉर्क नुकतीच सुरू झालेली असताना, तिने लोकांना या हलवाहलवीबद्दल विचारलं होतं. नागरिक नसलेल्या जपान्यांना हलवणं योग्य म्हणणारे ९३ टक्के. इथेच जन्मलेल्या, नागरिक असलेल्या जपानी वंशाच्या लोकांना हलवणं योग्य म्हणणारे ५९ टक्के. हा आकडा मी दुपारी ऑफिसात वाचला आणि संध्याकाळी बाईंच्या टेबलावर त्यांनी केलेला भात खात बसले होते. राहवलं नाही, सांगून टाकला. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "एकोणसाठच? मला वाटलं होतं, जास्त असेल."

पण गोष्ट इथे संपत नाही, आजोबा. काही महिन्यांनी टीव्हीवर कसली तरी बातमी चालली होती, दहशतवाद आणि पाळतीची. बाई म्हणाल्या, "त्या लोकांचे फोन ऐकले तर काय बिघडलं? ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती?" माझी नजर नकळत त्या चौकटीकडे गेली. त्यांनी ते बघितलं. म्हणाल्या, "ते वेगळं होतं."

मला त्यांचा राग आला नाही. खरं सांगायचं तर, त्या दिवसापासून आकड्यांच्या प्रत्येक तक्त्यात मला "ते वेगळं होतं" एवढंच ऐकू येतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली गेली. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने अमेरिकनांना विचारलं, तर ९४ टक्क्यांनी नाझींचा निषेध केला. त्याच सुमाराला विचारलं की मग जर्मनीतल्या जास्त ज्यूंना इथे आसरा द्यायचा का? ७२ टक्के म्हणाले, नको. ११ सप्टेंबर २००१ नंतर चार दिवसांत ॲरिझोनातल्या मेसा गावी एका शीख पेट्रोलपंपवाल्याला, पगडी बघून, गोळी घालून मारलं. त्याच महिन्यात प्यू या दुसऱ्या सर्वेक्षण संस्थेला ५५ टक्के लोकांनी सांगितलं की दहशतवाद रोखायला थोडी नागरी स्वातंत्र्यं सोडावी लागतील. दहा वर्षांनी असं म्हणणारे ४० टक्के उरले. कुणाची स्वातंत्र्यं सोडायची, ते मात्र प्रश्नात नव्हतं. आपली सोडायची असं किती जणांच्या मनात असेल?

आणि सरकार कुणाचं, यावरही बरंच अवलंबून असतं. हे वाचून तुम्हाला हसू येईल. २००६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे धाकटे बुश अध्यक्ष होते, तेव्हा सरकारी पाळतीचा प्रश्न विचारला गेला. ती चालेल म्हणणारे रिपब्लिकन होते ७५ टक्के आणि डेमोक्रॅट ३७. २०१३ मध्ये डेमोक्रॅट पक्षाचे ओबामा आले होते आणि सरकारी हेरखात्याचं काम केलेल्या स्नोडेनने लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा होतात ते उघड केलं होतं. तेव्हा चालेल म्हणणारे रिपब्लिकन ५२ वर आले आणि डेमोक्रॅट ६४ वर गेले. तुम्ही आणीबाणीचं सांगता ना, आळीतली मंडळी ओट्यावर बसून गाड्या कशा वेळेवर धावतात याचं कौतुक करायची आणि ७७ साली त्यांनीच फटाके वाजवले? ही तीच आळी आहे. फक्त इथे ओट्याऐवजी पोर्च असतो.

तुम्ही घटना समितीतलं बाबासाहेबांचं ते वाक्य वर्गात फळ्यावर लिहायचात, ४ नोव्हेंबर १९४८ चं: संवैधानिक नीतिमत्ता ही उपजत भावना नव्हे, ती रुजवावी लागते. पुढे भारताची माती मुळात लोकशाहीची नाही असंही ते म्हणाले होते. तुम्ही ते वाक्य आपल्या मातीवरचा शेरा म्हणून वाचता आणि इथली माती वेगळी असणार असं धरून चालता. या मातीचे पन्नास वर्षांचे नमुने रोज माझ्या टेबलावर असतात. ही काही वेगळी नाही.

मग इथे हक्क आले कसे? निदान लोकांच्या पसंतीने तरी नाही. १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्स, काळे-गोरे एकत्र, बसमधला वर्णभेद मोडायला दक्षिणेतल्या बसमधून निघाले. ॲलाबामात त्यांची बस जाळली. गॅलपला ६१ टक्के लोकांनी सांगितलं, या रायडर्सचं वागणं आम्हाला पसंत नाही. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगबद्दल ६३ टक्क्यांचं मत प्रतिकूल होतं. २०११ मध्ये अनुकूल मत ९४ टक्क्यांचं. आंतरवंशीय लग्नं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये देशभर कायदेशीर केली आणि पुढच्या वर्षी ती मान्य असणारे होते फक्त २० टक्के. आज तेही ९४ आहेत. आत्ताचे ९४ टक्के बघून आपल्याला वाटतं की हे लोक पहिल्यापासून असेच होते. प्रत्येकाचा आजोबा किंगच्या बाजूचाच होता म्हणे! (माझा खरंच असता, हे मला माहीत आहे. चिडू नका.)

पण म्हणून न्यायालयाला देव्हाऱ्यात बसवू नका. जपान्यांच्या छावण्यांच्या वेळी, १९४४ मध्ये, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारचीच बाजू उचलून धरली होती. आणि आपल्या माणसांचा एक खटला तर मला इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद नावाचा शीख माणूस नागरिकत्वासाठी न्यायालयात उभा राहिला. तेव्हा आशियातून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचं तर "गोरा" असावं लागे. त्याच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच. वंशशास्त्रज्ञ भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, हा मुद्दा त्यांच्या बाजूने होता. न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकालात लिहिलं की "गोरा" या शब्दाचा अर्थ शास्त्राप्रमाणे नाही, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे लावायचा. म्हणजे नाक्यावरच्या माणसाला जो गोरा वाटेल तो गोरा! जनमत एवढं उघडपणे कायद्याच्या खुर्चीत बसलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. त्यानंतर सरकार आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांच्या मागे लागलं, खुद्द पंडितांचंही काढून घ्यायला निघालं. ते स्वतःच्या खटल्यात लढले आणि १९२७ पर्यंत जिंकले. तुमच्या पुस्तकांत हे कुठे सापडलं तर मला कळवा.

आता माझं एक काम करा. १९४१ मध्ये डोनाल्ड रग नावाच्या माणसाने एक गंमत केली. अर्ध्या लोकांना विचारलं, लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना सरकारने परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. उरलेल्या अर्ध्यांना विचारलं, अशा भाषणांवर सरकारने बंदी घालावी का? घालावी म्हणणारे निघाले ४६ टक्के. अर्थ एकच आहे ना? "परवानगी देऊ नये" म्हणताना जीभ अडखळत नाही, "बंदी" म्हटलं की माणूस जरा बिचकतो. मराठीत काय होतं ते मला बघायचंय. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सकाळी तुमची फिरायला येणारी मंडळी जमतात, त्यांना चिठ्ठ्या वाटा. अर्ध्यांवर "परवानगी द्यावी का?" आणि अर्ध्यांवर "बंदी घालावी का?" असं लिहा. नावं नकोत. आणि त्यांनी उत्तर लिहीपर्यंत तुम्ही भाषण करू नका, प्लीज.

आजीलाही एक चिठ्ठी द्या. ती आधी विचारेल, "भाषण करणार कोण आहे ते सांगा." तेसुद्धा तसंच लिहून पाठवा.

तुमची,
चिमी

ता. क. आजीला सांगा, मेतकूट संपलं. इकडचं दुकानातलं नको, तिचंच पाठव.