मेर आणि अनाथाचे शेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बांध कोरण्यावरून भाऊबंदांत होणाऱ्या मारामाऱ्यांच्या बातम्या वारंवार वाचनात येतात. त्या निमित्ताने इब्री शास्त्रातील, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील, एका आज्ञेकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

शेजाऱ्याच्या शेताची मेर, म्हणजे हद्द, सरकवू नये, असे ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या 19व्या अध्यायात बजावले आहे. 27व्या अध्यायात मेर सरकवणाऱ्याला लेवी, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातील लोक, मोठ्याने शाप देतात आणि सर्व लोक ‘आमेन’ (तथास्तु) म्हणतात. आंधळ्याची वाट चुकवणाऱ्याचा शाप याच्या लगेच पुढे येतो, हे मला अतिशय मार्मिक वाटते. कारण ज्याला दिसत नाही किंवा बोलता येत नाही, त्याचाच बांध कोरला जातो.

करवीर तालुक्यातील आमच्या शेताचे तसेच झाले. वडील वारले तेव्हा मी शाळेत होतो, आणि शेजारचा नांगर दरवर्षी एकेक ओळ आत येत राहिला. पुढे सरकारी मोजणी झाली, तेव्हा हद्दीचा जुना दगड त्यांच्या उसात, तिसऱ्या सरीत, पाचटाखाली निघाला. ‘अनाथांच्या शेतात शिरू नको, त्यांचा कैवारी समर्थ आहे,’ हे बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील बोल आईने त्या दिवशी वाचले.

या आज्ञेचे मूळ ‘लेवीय’ या ग्रंथाच्या 25व्या अध्यायात आहे: जमीन देवाची, माणसे तिच्यावर केवळ उपरी. म्हणूनच इस्राएलच्या अहाब राजालाही नाबोथ या प्रजाजनाचा द्राक्षमळा बळकावण्याचा अधिकार नव्हता. इतकेच नव्हे, तर खुद्द इस्राएल लोकांनाही सेईर डोंगर एसावाच्या, म्हणजे त्यांच्या पूर्वज याकोबाच्या भावाच्या, वंशजांना दिलेला असल्याने तेथे पाऊल टेकण्याएवढीही जमीन मिळणार नाही, असे सांगितले गेले. देवाने घातलेली सीमा त्याच्या निवडलेल्या लोकांनाही आवरते, ही गोष्ट आपण फार कमी वेळा ऐकतो. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 5व्या अध्यायात समुद्र वाळूची मर्यादा ओलांडत नाही, पण लोक बंडखोर झाले आहेत, असे म्हटले आहे; आणि त्याच अध्यायात पुढे त्यांच्यावरील आरोप आहे तो अनाथाचा न्याय न केल्याचा.

ख्रिस्ती मंडळ्यांतील पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे की, सुगीच्या उपासनेत भाताच्या लोंब्या आणि उसाची कांडी वेदीपुढे ठेवल्यावर मेर सरकवणाऱ्याचा हा शाप मोठ्याने वाचावा आणि शेतकऱ्यांना त्यावर ‘आमेन’ म्हणू द्यावे.

आपला,
एक शेतकरी वाचक, कोल्हापूर