स्पॅनिश ‘एरीदा’ आणि आपले ‘लागणे’

महोदय,

सेर्जिओ लोबेरा, मानोलो मार्केस असे स्पॅनिश प्रशिक्षक एफसी गोवा या फुटबॉल संघाला लाभल्यापासून स्पॅनिश क्रीडाबातम्या आपल्याकडेही आवडीने वाचल्या जातात. मात्र खेळाडूला ‘लेसिओन’ झाले, या वाक्यात ‘जखम’ म्हणणे चूक आहे. स्नायू ताणला, लिगामेंट फाटले, पण कातडी शाबूत आहे, तर ते ‘लेसिओन’. आपल्या क्रीडापानावरचा ‘दुखापत’ हा शब्द त्याला नेमका बसतो. सुरीने कापले, गोळी लागली, रक्त आले, टाके पडले, की ती ‘एरीदा’, म्हणजे जखम.

पोर्तुगीज जाणणाऱ्यांना हा शब्द लगेच ओळखू यावा. पोर्तुगीज ‘फेरीदा’ तोच. लॅटिनमधला सुरुवातीचा ‘फ’ स्पॅनिशमध्ये बऱ्याच शब्दांत ‘ह’ झाला आणि पुढे तोही उच्चारातून गेला. लिहिताना मात्र राहिला. आपल्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीचा ‘फोर्न’ पोर्तुगीज ‘फोर्नो’वरून आला, स्पॅनिशमध्ये तो ‘ओर्नो’. म्हणून ‘हेरीदा’ म्हणू नये. जोर ‘री’वर, आणि ‘द’ अगदी हलका, जीभ दातांना जेमतेम टेकवून.

खरी गंमत मनाच्या बाबतीत आहे. मराठीत गुडघ्यालाही लागते आणि एखाद्याचे बोलणेही मनाला लागते. स्पॅनिशमध्ये मनाचा घावही ‘एरीदा’च. जखमेवर मीठ चोळणे त्यांच्याकडेही आहे. ‘जखमेतून श्वास घेणे’ हा वाक्प्रचार मला विशेष वाटतो: विषय भलताच असतो, पण माणसाच्या बोलण्यातून मनातले जुने शल्य बाहेर पडते. मात्र ‘लागणे’ सरसकट ‘एरीदा’ नव्हे. पायरीवरून घसरून मुका मार लागला तर स्पेनमध्ये ‘मे ईथे दान्यो’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बहुधा ‘मे लास्तिमे’.

क्रियापद ‘एरीर’ (जखमी करणे) शिकणाऱ्याला हमखास अडवते. मी ‘येरो’, आम्ही ‘एरीमोस’, भूतकाळात तो ‘इरिओ’. स्वराची तीन रूपे होतात. शिवाय ‘एस्ता एरीदा’ म्हणजे ती जखमी आहे, तर ‘तिएने उना एरीदा’ म्हणजे तिला जखम झाली आहे. शब्द तोच, पहिल्यात विशेषण, दुसऱ्यात नाम. जखमी पुरुष असेल तर ‘एरीदो’.

सगळ्यांत मोठा खड्डा ‘इन्हूरिया’चा. इंग्रजी ‘इंजरी’शी साम्य पाहून तो दुखापतीसाठी वापरला जातो, पण त्याचा अर्थ अपमान, अब्रूवर घाला. डॉक्टरसमोर ‘मला इन्हूरिया झाली’ म्हटले, तर कुठे लागले ते त्यांना कळायचेच नाही.

विद्यार्थ्यांसाठी परकीय शब्द छापताना ‘एरीदा : जखम’ एवढ्यावर थांबू नये, ही विनंती. शेजारी दोन वाक्ये द्यावीत, एक सुरी लागल्याचे आणि एक शब्द लागल्याचे.

— स्पॅनिशचा एक शिक्षक, फोंडा