चित्राला हात न लावता टेप वाचवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जुन्या मिनी डीव्ही टेप संगणकावर उतरवून घेण्याचं काम पुरं झालं. ते तुमच्यामुळे झालं, हे चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

तुम्हाला आठवत असेल, कॅप्चर, म्हणजे टेप चालवून संगणकावर उतरवणं, दर वेळी एकाच ठिकाणी अडकायचं. टेप पुढे चालूच, डिस्कवर भरपूर जागा रिकामी, आणि पडद्यावर मात्र डिस्क भरल्याचा संदेश. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच उपाय सांगितला: कॅप्चर करतानाच व्हिडिओ कॉम्प्रेस करा, दर्जा थोडा कमी झाला तरी चालेल. चित्राला हात लावायचा नाही, हे फक्त तुम्ही बजावलंत. टेपवर जे आहे ते आधी जसंच्या तसं उतरवायचं. त्यावरून लहान प्रत पुढे कधीही काढता येते. लहान प्रतीवरून मूळ चित्र परत मिळवता येत नाही. तुमच्या या आग्रहाचं मोल आज सगळ्या फाइली पाहताना कळतं आहे.

तुम्ही आधी एवढंच विचारलंत, की कॅप्चर कितव्या मिनिटाला थांबतं. विसाव्या मिनिटाच्या जरा अलीकडे, असं कळल्यावर तुम्ही कागदावर हिशेब मांडलात. पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत डीव्हीची एक फ्रेम १,४४,००० बाइटची. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३६ लाख बाइट. तासाभराच्या टेपला जवळपास १३ जीबी. डिस्क फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर त्या पद्धतीत फाइलची लांबी ३२ बिटांत नोंदवतात, त्यामुळे एक फाइल ४ जीबीच्या (सुमारे ४२९ कोटी ४९ लाख बाइटच्या) पलीकडे जाऊच शकत नाही. भागाकार केला की उत्तर येतं १९ मिनिटं ५३ सेकंद. डिस्क कितीही मोठी असली तरी तिथे थांबणं भागच होतं.

मग डिस्क एनटीएफएस या, ४ जीबीची अट नसलेल्या पद्धतीची करायची ठरली. विंडोजच्या कन्व्हर्ट आज्ञेने आतला मजकूर न पुसता ते होतं, तरीही आधी सगळ्याची दुसरी प्रत काढल्याशिवाय तुम्ही पुढे जाऊ दिलं नाहीत. मॅक आणि विंडोज दोन्हींवर लिहायचं असेल तर एक्सफॅट ही पद्धत बरी, हेही तेव्हाच सांगितलंत.

एवढं करूनही एडिटिंगचं जुनं सॉफ्टवेअर २ जीबीपेक्षा मोठी एव्हीआय फाइल (कॅप्चर केलेला व्हिडिओ ज्या प्रकारात साठवला होता तो) उघडेना. इथे तर मी नादच सोडणार होतो. डिस्कची मर्यादा वेगळी आणि फाइलच्या प्रकाराची मर्यादा वेगळी, हे तुम्ही फार शांतपणे समजावलंत. मूळ एव्हीआयमध्येही लांबीसाठी ३२ बिटच असतात, आणि अनेक जुनी सॉफ्टवेअर त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी धरतात, म्हणून मर्यादा निम्म्यावर येते. एव्हीआयच्या १९९६मधल्या ओपनडीएमएल या विस्ताराने ही अडचण सोडवली, पण सॉफ्टवेअरला तो विस्तार कळायला हवा. आमच्या सॉफ्टवेअरला तो कळत नव्हता.

तेव्हा तुम्ही फाइलचे तुकडे करायला सांगितलंत. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली असते, आधीच्या-नंतरच्या फ्रेमवर ती अवलंबून नसते, म्हणून कुठल्याही दोन फ्रेमच्या मध्ये तोडलं तरी चित्राचं काही बिघडत नाही. लिनक्सवरचं डीव्हीग्रॅब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर ठरावीक आकार झाला की आपोआप नवी फाइल सुरू करतं. सांगितलं तर जिथे कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला असेल तिथेही तोडतं. कच्च्या डीव्ही फाइली तर नुसत्या एकापुढे एक जोडल्या तरी चालतात. एव्हीआयचं तसं नाही, प्रत्येकीला स्वतःचं हेडर, म्हणजे सुरुवातीला फाइलची माहिती देणारा भाग, असतो.

तोडलेल्या जागी एखादी फ्रेम गळली तर, ही माझी भीती तुम्ही हसण्यावारी नेली नाहीत. पहिल्या तुकड्याच्या शेवटच्या फ्रेमचा टाइमकोड (टेपवर प्रत्येक फ्रेमला असलेला वेळेचा क्रमांक) आणि पुढच्या तुकड्याच्या पहिल्या फ्रेमचा टाइमकोड शेजारी शेजारी ठेवून दाखवलेत. लागोपाठचे आकडे होते. तेव्हापासून प्रत्येक जोड मी तसाच तपासला.

या टेपांवर आता हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. जुनी टेप पुन्हा पुन्हा फिरवली की झिजते. अर्धवट थांबणारं कॅप्चर तसंच चालू राहिलं असतं तर काय उरलं असतं, याचा विचारही नको वाटतो. तुम्ही तुमचा वेळ दिलात, आणि कारणं समजावून दिलीत, म्हणून पुढच्या टेपांना मला कुणाला विचारावं लागलं नाही.

तुमच्या स्वतःच्या टेप अजून कपाटातच आहेत, असं बोलण्यात आलं होतं. त्या माझ्याकडे पाठवा. तासाच्या टेपला तास लागतो, तेवढं बसायची माझी तयारी आहे.

तुमचा ऋणी,
टेप उतरवून घेतलेला एक जण