सदोष पीसीव्ही व्हॉल्व्ह परत घेण्यास नकार दिल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन स्पेअर पार्ट विक्री विभाग

विषय : सदोष पीसीव्ही व्हॉल्व्हचे ६४० रुपये परत मिळणे आणि उरलेला माल तपासणे.

महोदय,

माझी २०१८ ची पेट्रोल कार आहे. इंजिन ऑइल कमी होऊ लागले म्हणून गेल्या महिन्यात मी जुना पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आत साचणारे वायू पुन्हा हवेच्या वाटेत सोडणारी छोटी झडप, काढून पाहिला. तो काळ्या चिकट गाळाने जाम झाला होता. गाडीचा चेसिस नंबर टाकून आपल्याकडून नवा मागवला आणि रविवारी सकाळी घरीच बसवला. क्लॅम्प सैल केला, होज ओढला, रबरी ग्रोमेटही नवे घातले. काम अर्ध्या तासाचे.

त्यानंतर गाडी बिघडली. उभ्या गाडीत आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) १,५०० वर चढायचे आणि एकदम खाली यायचे. सोमवारी व्हेरायटी चौकात सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली. शेजारी माझी ७४ वर्षांची आई, बाहेर नागपूरचे मे महिन्यातले ऊन, मागे हॉर्नचा गोंगाट. तिचा चेहरा घामाने डबडबला होता, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही.

घरी येऊन आपला व्हॉल्व्ह काढला. हलवला तर आतला गोळा खुळखुळत नव्हता. इंजिनच्या बाजूने फुंकल्यावर हवा सहज जाते, ते बरोबरच आहे. पण मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, बाजूनेही ती तितकीच सहज गेली. तिथून ती जेमतेम जायला हवी. म्हणजे गोळा उघडाच अडकलेला, आणि उभ्या गाडीत मोजकीच हवा जायच्या ऐवजी सताड वाट मोकळी. त्याच दिवशी मानेवाड्यातल्या दुकानातून दुसरा व्हॉल्व्ह आणून बसवला. गाडी ८०० आरपीएमवर शांत उभी राहिली. बाकी कशालाही हात लावला नव्हता.

आपल्या कस्टमर केअरचे उत्तर : 'बसवलेला पार्ट परत घेत नाही, आणि तो अधिकृत मेकॅनिकने बसवलेला नाही.' बसवल्याशिवाय हा दोष ग्राहकाला कळणार कसा? शिवाय आपल्याच साइटवर या पार्टखाली 'घरच्या घरी बसवा' असे लिहिले आहे. विकताना एक आणि परत घेताना दुसरे, हे मला मान्य नाही.

पैशापेक्षा मला काळजी आहे ती त्याच खोक्यातले व्हॉल्व्ह घेतलेल्या इतरांची. गाडी अशी वागू लागली की गॅरेजवाला आधी थ्रॉटल बॉडी साफ करतो, मग इंजेक्टर, मग सेन्सर बदलतो. नव्या व्हॉल्व्हवर संशय कोण घेणार? हजारो रुपये जातात आणि गाडी तशीच राहते.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी १९१५ या हेल्पलाइनवर आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन.

व्हॉल्व्ह, खोके आणि दोन्ही बाजूंनी फुंकून दाखवणारा व्हिडिओ मी जपून ठेवला आहे. आपला माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा तपासून दाखवतो.

आपला ग्राहक,
मानेवाडा, नागपूर

सोबत : बिलाची प्रत, पार्ट नंबर दिसणारा खोक्याचा फोटो, कस्टमर केअरचा ईमेल.