आई-बाबा, केस मागं घ्यायची नाही

आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मग आई रडते, मग मी काहीतरी तोडून बोलते, म्हणून हा लांबलचक मेसेज. बाबा, चष्मा लावून सगळा वाचा, मधेच फोन लावू नका.

माझा हात धरणाऱ्या पोरांवरची केस मागं घे, नोकरी सोडून घरी ये असं तुम्ही म्हणताय, पण काकांनी तुम्हाला अर्धंच सांगितलंय. सकाळचे साडेअकरा वाजले होते. सेकंड शिफ्ट होती, अशोक चौकात शेअर रिक्षातून उतरून लॅबकडे चालले होते. ऊन असलं की अंगात सनकोट, तोंडाला स्कार्फ, वरून गॉगल, आई तू समोर उभी असतीस तर तुलाही ओळखू आले नसते. त्यामुळे "अंधार पडायच्या आत ये" आणि "नीट कपडे घालत जा" हे दोन्ही विषय आधीच बाजूला ठेवू. बाईकवरचे ते दोघं आधीपण मागंमागं यायचे, त्या दिवशी गाडी आडवी घातली, घाण बोलले आणि मागच्यानं मनगट धरलं.

मी ओरडले, पण पानटपरीवरचे नुसते बघत राहिले. हलली कोण तर विडी कारखान्यात माल देऊन परत निघालेली एक अक्का! तिनं हातातली पिशवी सरळ बाईकच्या आरशावर हाणली आणि तेलुगूत जे काय सुरू केलं, मला अर्धं कळलं नाही, त्या पोरांना मात्र पूर्ण कळलं असणार. हात सुटला, ते पळाले. पिशवीतली पानं, तंबाखू सगळं रस्त्यावर, आम्ही दोघी ते गोळा करत बसलो आणि तिथंच बसल्या बसल्या मी ११२ लावला. तो फोन सोलापुरात नाही, नवी मुंबईला नाहीतर नागपूरच्या सेंटरला लागतो बाबा, पण गाडी इथलीच पाठवतात, आणि आली पण.

नंतर पोलीस ठाण्यात मात्र तिथल्या साहेबाचं पहिलं वाक्य काय, तर "हद्द आमची नाही". मी म्हटलं साहेब, झिरो एफआयआर घ्या, हद्द कुठलीपण असली तरी नोंदवून घ्यावंच लागतं. तो माझ्याकडं बघत राहिला, मग आत जाऊन लेडीज कॉन्स्टेबलला बोलावलं. आमच्यासारख्या केसमध्ये जबाब बाईनंच लिहून घ्यायचा असतो. तिनं आधी नुसतं "अश्लील शब्द वापरले" असं लिहिलं. मी म्हटलं मॅडम, तो जे बोलला तेच शब्द लिहा, उद्या कोर्टात "अश्लील म्हणजे काय" विचारलं तर? मग ते शब्द मला मोठ्यानं बोलावे लागले. आई, आपल्या घरात ते कोणी कधी उच्चारले नाहीत. बोलताना कान गरम झाले, शेजारच्या टेबलावरचा हवालदार उगाच फाईल चाळायला लागला, पण लिहिलं. सही करायच्या आधी पूर्ण वाचलं, कॉपी फुकट मिळते, ती माझ्याकडं आहे.

गाडी एमएच १३ एवढं सांगून काय उपयोग, अख्खं सोलापूर एमएच १३! शेवटचे दोन आकडेच लक्षात होते. पण चौकातल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पूर्ण नंबर सापडला. ते फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून मी त्याच दिवशी दुकानदाराला हात जोडून सांगितलेलं की ठेवा.

बाबा, तुम्ही विचारलं कलम कुठलं. तुमच्या वेळचं ३५४ गेलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. हात धरला म्हणून ७४, म्हणजे कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त ५, अजामीनपात्र. पाठलागाचं ७८, घाण बोलण्याचं ७९.

आता काका. बाईकवरच्या एका पोराच्या मामानं त्यांना गाठलंय, "पोराचं आयुष्य खराब होईल, मिटवून टाका" म्हणून. एक तर ७४ आपसात बसून मिटवायचं कलमच नाही. आणि समजा असतं तरी, तो मामा माझ्याकडं का नाही आला, काकांकडं का गेला? हात काकांचा धरला होता का?

अक्काचं सांगायचं राहिलं. ती विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, साक्ष म्हटल्यावर घाबरली, कारण ठाण्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडते. पण साक्षीदार बाईला ठाण्यात बोलवता येत नाही, घरी जाऊनच विचारावं लागतं. हे तिला सांगितलं, पोलीस तिच्या घरी जाऊन आले. तिनं विड्या वळता वळता जबाब दिला म्हणे!

नोकरी सोडून मी येणार नाही. लॅबचा रस्ता पण बदलणार नाही, दुसरा रस्ता लांबचा आहे आणि मी काय केलंय?

पुढच्या आठवड्यात मॅजिस्ट्रेटसमोर माझा जबाब आहे, शक्यतो महिला मॅजिस्ट्रेटच असतात, समोरच्या पार्टीचं कोणी तिथं नसतं. आई, तू सकाळच्या एसटीनं ये. बाबा नको, बाबा तिथं रागानं काहीतरी बोलतील. बाबांनी काकांना फोन करायचा, आणि मामाला परत घरात घेऊ नका असं स्पष्ट सांगायचं, मी सांगितलं तर उद्धट ठरते.

फोन रात्री दहानंतर करा, शिफ्टमध्ये मोबाईल लॉकरमध्ये असतो.

तुमची,
छकुली