आपा, ‘कौन बोला’ विचारायला शिकवलंत त्याबद्दल

प्रिय आपा,
अस्सलामु अलैकुम.

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. ‘शुक्र अल्ला का कर’ म्हणून तुम्ही विषयच मिटवता आणि चहाचा कप पुढे सरकवता. म्हणून तुमच्याकडे हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी, शिकले त्याबद्दल हे उघड पत्र. आणि ते मराठीत लिहिलं म्हणून कुरकुर चालायची नाही. तुमच्याकडे रोज सकाळी मराठी पेपर येतो आणि तुम्ही तो अग्रलेखासकट वाचता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

मला आठवतो तो वक्तृत्व स्पर्धेचा किस्सा. वर्गातली एक मुलगी भाषण लिहून घेऊन आली होती. सुरुवातच ‘ज्ञान मिळवा, त्यासाठी चीनला जावं लागलं तरी’ या हदीसनं. हे वाक्य आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर असतं, गॅदरिंगच्या फलकावर असतं, प्रमुख पाहुण्यांच्या तोंडी तर असतंच असतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “जुमला अच्छा है. कौन बोला, वो देख पहले.” मग कपाट उघडलं. वाक्य पैगंबरांचे सोबती हजरत अनस (रजि.) यांच्या नावावर सांगतात. त्यांच्याकडून आपण ऐकलं म्हणणारा अबू आतिका. त्याच्यावर हदीसांचे थोर संग्राहक इमाम बुखारींचा शेरा ‘मुन्करुल हदीस’, म्हणजे याच्या सांगण्यावर विसंबू नका. हदीस पारखणारे इब्न हिब्बान यांनी हे वाक्य निराधार ठरवलं आणि इब्नुल जौजींनी तर बनावट हदीसांच्या संग्रहातच टाकलं.

मुलगी हिरमुसली. “पण अर्थ तर चांगला आहे ना, आपा?”

“चांगला आहे ना? मग तुझ्या नावावर म्हण. हुजूरांच्या नावावर कशाला?”

आपा, मी इतिहास शिकवते. पुराव्याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, ऐकलं होतं. पण वाक्य सुंदर आहे, उपयोगी आहे, आपल्या बाजूचं आहे, म्हणून ते खरं ठरत नाही, हे असं एका ओळीत कुणी माझ्यासमोर मांडलं नव्हतं. त्या मुलीला तुम्ही मग इब्न माजा या हदीससंग्रहातलं ‘ज्ञान मिळवणं प्रत्येक मुस्लिमावर फर्ज आहे’ हे दिलंत. त्याच्याही सनदींवर, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्या साखळ्यांवर, वाद आहे, वाटा अनेक असल्यामुळे काही विद्वान ते मान्य करतात, हेही सांगायला विसरला नाहीत. दुसऱ्या कुणी एवढं कशाला सांगितलं असतं?

सनद पाठ झाल्याशिवाय तुम्ही मजकुराला हात लावू देत नव्हता, याचा सुरुवातीला मला कंटाळा यायचा. इमाम बुखारींच्या संग्रहाची, सहीह बुखारीची, पहिलीच हदीस, ‘कर्मांचा आधार नियत’. ती हुमैदींनी सांगितली, त्यांना सुफियान यांनी, त्यांना यह्या बिन सईद अन्सारी यांनी, त्यांना मुहंमद बिन इब्राहीम तैमी यांनी, त्यांना अल्कमा बिन वक्कास यांनी आणि अल्कमांनी ती मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, बोलणाऱ्या हजरत उमर (रजि.) यांच्याकडून ऐकली. तुम्ही पाटीवर नावं खालून वर लिहीत गेलात. उमर, अल्कमा, तैमी, यह्या अशी एकावर एक सरळ रेघ. यह्यांपाशी आल्यावर मात्र रेघेला इतके फाटे फुटले की पाटी पुरेना. इतकी गाजलेली हदीस, आणि पहिले चार टप्पे ती एकेका माणसाच्या भरवशावर आलेली! साक्षीदार किती हे तुम्ही विचारलंच नाहीत, साक्षीदार कसा हे विचारलंत.

आणि ‘कसा’ म्हणजे नुसता भला का बुरा, एवढंच नाही. इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांचं उदाहरण मी आता वर्गात सर्रास देते. माणूस सच्चा, पण त्यांची पुस्तकं जळाली आणि त्यानंतर सांगण्यात घोळ व्हायला लागला. मग टीकाकारांनी काय केलं, तर आगीच्या आधी त्यांच्याकडून कोणी ऐकलं आणि नंतर कोणी, ते वेगळं काढलं. इब्न मुबारक, इब्न वहब यांनी ऐकलेलं जास्त भरवशाचं मानलं. अली बिन मदीनी या टीकाकारांना तर खुद्द त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं, तर त्यांनी वडिलांना कच्चे ठरवलं. आपल्याकडे कुणाच्या वडिलांच्या आठवणींवर असा शेरा मारून बघा!

करीमा मरवजियांची गोष्ट तुम्ही खास रंगवून सांगायचा. अकराव्या शतकात मक्केत बसून सहीह बुखारी शिकवणारी बाई, आणि खतीब बगदादींसारखा विद्वान हजला आला असता तिच्यासमोर ती वाचून जातो. “हमारी बारी आज की नहीं है,” असं म्हणताना तुमचा चेहरा बघण्यासारखा असे.

एकदा मी मुद्दामच गोल्डझिहर आणि शाख्त या युरोपीय अभ्यासकांचा आक्षेप काढला होता. सनदी मागाहून रचल्या असतील तर? वाटलं, रागवाल. तुम्ही हम्माम बिन मुनब्बिह यांचा सहीफा, म्हणजे हदीसांची वही, पुढे ठेवलात. हम्माम हे पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा (रजि.) यांचे शिष्य. त्यांच्या वहीच्या हस्तलिखित प्रती बर्लिनला आणि दमास्कसला होत्या, त्यावरून ती 1953 साली छापली गेली ती डॉ. मुहंमद हमीदुल्लाह या हैदराबादच्या माणसामुळे. 138 हदीस. त्या इमाम अहमद यांच्या ‘मुस्नद’ या नंतरच्या हदीससंग्रहाशेजारी ठेवून मला वाचायला लावल्यात. मधे कित्येक पिढ्या गेल्या, आणि मजकूर जवळपास तोच. यानं सगळ्या शंका मिटल्या असं तुम्ही म्हणाला नाहीत, मीही म्हणत नाही. पण शंका घ्यायची तर दोन्ही मजकूर समोर मांडून घ्यायची, हे पटलं.

आणि ती पुस्तकं! ‘तहजीबुत्तहजीब’ या रावींच्या, म्हणजे हदीस सांगणाऱ्यांच्या, कोशाचे बारा खंड हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या संस्थेनं छापलेले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता म्हटलं की आम्हाला रझाकार आठवतात, आणि ते आठवायलाच हवेत. पण त्याच राज्यात मुअल्लिमी नावाचा एक येमेनी विद्वान वर्षानुवर्षं इब्न अबी हातिम, बुखारी यांच्या रावींच्या याद्या हस्तलिखितांवरून ताडून पाहत बसला होता, हे मला आमच्या एकाही क्रमिक पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आज अरब देशांत या शास्त्राचे विद्यार्थी जी पानं उघडतात, त्यातली कितीतरी आधी आपल्या शेजारी छापली गेली.

आता माझ्या वर्गाचं ऐका. शिवकाल शिकवताना मी आधी पाटीवर लेखकांची नावं लिहिते. सभासद महाराजांच्या पदरचा माणूस, जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहितो. मल्हार रामराव चिटणीस लिहितात ते त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. मग पोरंच विचारतात, “मॅडम, यांना कुणी सांगितलं?” हे तुमचं देणं आहे, आपा. परवा एकानं व्हॉट्सॲपवर आलेलं ‘महाराज म्हणाले होते’ छाप वाक्य आणलं आणि स्वतःच म्हणाला, सनद नाही.

दहावीच्या दोन मुली तुमच्याकडे अरबी शिकायला येऊ म्हणताहेत. एक मुस्लिम आहे, दुसरी नाही. दोघींना अलिफपासून शिकवावं लागेल, आणि दुसरी फार वाद घालते. रविवारी पाठवू का, ते कळवा.

तुमची,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी