प्रथिनांचा तक्ता छापलात, आता ती ठेवायची कशी तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतली कमी कर्बोदकांच्या आहारावरची लेखमाला मी पहिल्यापासून वाचते आहे. लेख चांगले आहेत. ज्वारीच्या आमच्या जिल्ह्यात ‘भाकरी अर्धी करा’ असं सांगायला छाती लागते, ती लेखिकेने दाखवली. तक्रार वेगळीच आहे. प्रत्येक लेखाखाली एक तक्ता येतो: अंड्यात इतके ग्रॅम प्रथिनं, चिकनमध्ये इतके, पनीरमध्ये इतके. पण ते चिकन कधी शिजवायचं, कशात ठेवायचं, किती दिवस खायचं, डब्यात कसं न्यायचं, याबद्दल आजवर एक ओळ आलेली नाही. माझ्या अनुभवाने सांगते, हा आहार टिकणार की पंधरवड्यात बारगळणार, ते तिथेच ठरतं.

मी आहारतज्ज्ञ नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात निवृत्त होईपर्यंत होते. आहारतज्ज्ञ लिहून देत, आम्ही ते शिजवून वॉर्डात पोचवत असू. आता घरी यजमानांना मधुमेह आहे, आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने भात-पोळी सोडली आहे. तो रविवारी दोन किलो चिकन शिजवतो आणि शनिवारपर्यंत तेच खातो. त्याच्या खोलीवरचे सगळेच असं करतात म्हणे. कुठल्याशा व्हिडिओत सात डबे ओळीने मांडलेले दाखवतात, ते बघून.

पूर्वी हा प्रश्न आपल्या घरांत नव्हता, कारण ताटातला मोठा वाटा भाकरीचा होता. भाकरी शिळी झाली तर फार तर वातड होते. आमच्या सोलापुरात ती मुद्दाम कडक करून ठेवतात आणि पाहुण्यांबरोबर मुंबईलाही पाठवतात. तिच्यात पाणीच उरत नाही, मग बिघडणार काय? मांस-मासळीही आपली माणसं याच हिशोबाने साठवत आली. कोकणात आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सुकट, बोंबील भरून ठेवायचे, मराठवाड्यात उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या, कोल्हापूरकडे तेलामिठातलं मटणाचं लोणचं. कुठे पाणी काढलं, कुठे मीठ आणि तेल वाढवलं. आता आपण भाकरी कमी केली आणि त्या जागी शिजवलेलं, ओलं, अळणी मांस आठवडाभर ठेवायला लागलो, तेही फ्रिजच्या भरवशावर. फ्रिज जंतूंना मारत नाही, त्यांचा वेग कमी करतो, एवढंच.

आधी तक्त्याबद्दलच बोलते, कारण त्यातही घोटाळा आहे. ‘100 ग्रॅम चिकन’ म्हणजे कच्चं की शिजलेलं, हे तुम्ही लिहीत नाही. कच्च्या बोनलेस छातीच्या मांसात 22-23 ग्रॅम प्रथिनं असतात, शिजलेल्यात 30-31. प्रथिनं वाढली नाहीत, पाणी गेलं. किलोभर बोनलेस शिजून साधारण 700 ते 750 ग्रॅम भरतं. सोयाबीन वड्यांचं बरोबर उलटं. 100 ग्रॅमला 52 ग्रॅम हा आकडा कोरड्या वड्यांचा. भिजून, पिळून त्या अडीच-तीन पट होतात, म्हणजे शिजलेल्या 100 ग्रॅममध्ये 17 ते 20 ग्रॅमच हाती लागतात. वाटीभर वड्या खाऊन दिवसभराचं प्रथिन झालं असं समजणारे आमच्या गल्लीतच आहेत. आणि तूरडाळीला नुसतं ‘प्रथिनयुक्त’ म्हणून सोडू नका. कोरड्या डाळीत 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, तशी 55-60 ग्रॅम कर्बोदकंही आहेत. ज्याला साखर मोजून खायची आहे त्याला दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसले पाहिजेत.

आता मुख्य मुद्दा, थंड करण्याचा. आपल्याकडे सगळी काळजी शिजेपर्यंत घेतात. शिट्ट्या मोजतात, हाडापाशी लाल दिसतंय का ते बघतात, आणि मग गॅस बंद करून झाकण ठेवून मालिका बघायला बसतात. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. 60 अंश सेल्सिअसच्या खाली आणि 5 अंशांच्या वर जंतूंची चंगळ असते. रात्री ओट्यावर झाकून ठेवलेल्या मोठ्या पातेल्यातल्या रश्शाचा अंदाज पहाटे घ्या: कडेला गार, मध्यभागी अजून कोमट. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू नेमका अशा ठिकाणी वाढतो. त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेलं त्याचं रूप, उकळीतही तग धरतात, आणि रस्सा हळूहळू निवत गेला की ते जागे होतात. मोठ्या पंगतींनंतर दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात, त्यातल्या कित्येक प्रसंगांचं मूळ इथे असतं. ‘सकाळी पुन्हा खळखळून उकळलं की झालं’ हे सासूबाईंचं वाक्य माझ्या कानात आहे, पण ते पुरतं खरं नाही. हाताच्या जखमेतून, नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकॉकस ऑरिअस जे विष तयार करून ठेवतो, ते उकळून जात नाही. जंतू मेला तरी विष राहतं.

रुग्णालयात आम्ही शिजलेलं अन्न उथळ, रुंद ट्रेमध्ये काढायचो. घरी मी परात वापरते. चिकनला आलं-लसूण, हळद, मीठ आणि थोडं दही लावून तासभर फ्रिजमध्ये मुरवते, पसरट कढईत अंगच्या पाण्यात शिजवते, आणि सगळ्यात जाड तुकडा मोडून बघते. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी तुकड्याच्या मध्याशी 74 अंश बघावेत. मग तुकडे परातीत एका थरात पसरायचे, ती परात दुसऱ्या मोठ्या परातीतल्या बर्फाच्या पाण्यात ठेवायची आणि वर पंखा लावायचा. (सोलापुरात पाणी किती दिवसांआड येतं ते तुमच्या वार्ताहराला ठाऊक आहे, म्हणून हेच पाणी मी नंतर झाडांना घालते.) अर्ध्या तासात तुकडे हाताला थंड लागतात. ते दोन बोटांपेक्षा जास्त थर होणार नाही अशा चपट्या स्टीलच्या डब्यांत भरायचे आणि डब्यावर कागदी पट्टी चिकटवून तारीख घालायची. रस्सा वेगळ्या बरणीत. पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये काही ठेवायचंच नाही, हीही एक जुनी समजूत. लहान, उथळ डबा किंचित कोमट असताना आत गेला तरी चालतो; वाफाळतं अख्खं पातेलं आत ढकललं तर मात्र शेजारचं दूधही तापतं.

आलं-लसूण आधी लावण्याला आणखी एक कारण आहे. शिजलेलं मांस दुसऱ्या दिवशी गरम केलं की जो शिळा, पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो त्यातल्या चरबीला हवा लागून येतो. मसाल्यांत तो बदल रोखणारे गुण असतात. म्हणून आधी लावलेला मसाला नंतर टाकलेल्या मसाल्यापेक्षा उपयोगी. बाकी चव मात्र रोजची रोज द्यावी. सोमवारी त्याच तुकड्यांना काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट, मंगळवारी कोथिंबीर-मिरचीचं वाटण. पाच दिवस एकच चव खाणारा माणूस सहाव्या दिवशी वडापाव खातोच.

शिजलेलं मांस फ्रिजमध्ये 3 ते 4 दिवस, त्यापुढे नाही, आणि तेही फ्रिज खरोखर 4-5 अंशांवर असेल तर. आमच्याकडे मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, स्वयंपाकघरातला फ्रिज दिवसातून पन्नासदा उघडतो, तेव्हा आत किती अंश असतील? बटणावरच्या 1 ते 5 आकड्यांवरून ते कळत नाही. आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घ्यावा. उन्हाळ्यात मी 3 दिवसच धरते. म्हणून मुलाला सांगितलं, रविवारी आणि बुधवारी असं दोनदा शिजव, नाहीतर गुरुवारनंतरचा वाटा शिजवल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाक. तीन दिवस फ्रिजमध्ये राहून मग ‘वाया नको जायला’ म्हणून फ्रीझरमध्ये गेलेलं मांस गोठतं, ताजं होत नाही. एका वेळेला लागेल तेवढीच पुडी बांधायची, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायची, ओट्यावर वितळवायची नाही. आतपर्यंत वाफ येईल असं एकदाच गरम करायचं.

वीज गेली तर दार न उघडलेला फ्रिज सुमारे 4 तास गारवा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. पण आपण गावाला गेलो असताना वीज किती वेळ गेली होती ते कसं कळणार? पेल्यात पाणी गोठवून त्यावर एक रुपया ठेवून जा. परतल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बर्फात तळाशी गेलेलं दिसलं तर फ्रीझरमधलं मांस टाकून द्या, वास घेत बसू नका. धोकादायक अन्नाला वास येतोच असं नाही.

अंडी सगळ्यात सोयीची. उकडली की लगेच गार पाण्यात टाका, म्हणजे बलकाभोवती ती हिरवट कड धरत नाही. सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. सोललेली मात्र त्याच दिवशी संपवलेली बरी. मासळीत बांगड्याला जपा. तो बाजारातच उन्हात पडून राहिला असेल तर त्यात हिस्टामिन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं, आणि ते शिजवून, तळून, गोठवून कशानेही जात नाही. तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं, आणि माणूस म्हणतो मला मासळीची अॅलर्जी आहे. बर्फात ठेवलेला बांगडाच घ्यावा, आणला त्याच दिवशी शिजवावा.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी पनीर. उघडलेलं पनीर पाण्यात बुडवून ठेवावं, पाणी रोज बदलावं, दोन-तीन दिवसांत संपवावं. सुट्या पनीरचा तुकडा पाण्यात उकळून, गार करून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून बघा. निळा-काळा झाला तर त्यात पिठूळ स्टार्च आहे. कर्बोदकं टाळायला पनीर आणलं आणि कर्बोदकंच खाल्ली, असला प्रकार.

डब्याबद्दल लिहायला हवं, कारण नोकरदारांचं सगळं अडतं तिथे. शिजलेलं प्रथिन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासभरच. आपल्याकडे मार्च ते जून दुपारी हवा त्याच्या वरच असते. सकाळी आठला भरलेला चिकनचा डबा दीड वाजता उघडणाऱ्याने हा हिशोब करावा. एकतर कडकडीत गरम भरून चांगल्या थर्मासमध्ये न्या, नाहीतर थंडगार डबा बर्फाच्या पिशवीसकट. कोमट डबा हा सगळ्यात वाईट. ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांनी भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे न्यावेत. फुटाण्यात कर्बोदकं आहेत, ती मोजावीत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांची आहारपद्धत, म्हणजे दिवसातून दोनच वेळा जेवण आणि 55 मिनिटांत ते संपवणं, आता गावोगाव पाळतात. त्या वेळी हाताशी शिजलेलं तयार नसेल तर माणूस समोर दिसेल ते खातो.

आणि एक ओळ डॉक्टरांच्या वतीने. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना भाकरी-भात एकदम तोडला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. लेखमालेत हे आलंय, पण शेवटच्या परिच्छेदात, बारीक. ते वर घ्या.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या लेखात तक्त्याच्या शेजारी एक चौकट द्यावी: कच्चं-शिजलेलं वजन, किती दिवस टिकतं, डब्यात किती तास. आपल्या हवेचा विचार करून द्यावी; थंड देशातले आकडे जसेच्या तसे उचलून नकोत. कात्रण काढून फ्रिजच्या दारावर लावता येईल अशा आकारात छापलीत तर फार बरं.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर पनीरचा परिच्छेद कापा, पण थंड करण्याचा कापू नका.

आपली,
एक नियमित वाचक
जुळे सोलापूर